कारखान्याचा सस्टेनेबिलिटी प्लॅन बनवताय? आधी सुट्टीच्या दिवसाचं मीटर बघा

मोठ्या गिऱ्हाइकाचा एक दिवस मेल येतो, सोबत शंभरेक प्रश्नांची शीट, तुमचं कार्बन किती, पाणी किती, २०३० पर्यंतचं टार्गेट काय, पंधरा दिवसांत भरून द्या. बऱ्याच कारखान्यांत सस्टेनेबिलिटीचं काम हे असंच सुरू होतं. मग ते क्वालिटीतल्या नाहीतर एचआरमधल्या कुणाच्यातरी गळ्यात पडतं, तो चार डिपार्टमेंटच्या मागे फिरून आकडे गोळा करतो, हिरव्या कव्हरचा एक रिपोर्ट तयार होतो आणि कपाटात जाऊन बसतो. मी बरीच वर्षं युटिलिटीत काढलीत, म्हणजे बॉयलर, कॉम्प्रेसर, पाणी, ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) ही बाजू, आणि असला रिपोर्ट हातात आला की मनापासून वाईट वाटतं, कारण आत झाडं लावल्याचे फोटो असतात आणि त्याच कारखान्याच्या मागच्या भिंतीला वाफेचा एक ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व) चोवीस तास फुसफुसत असतो, त्याचा कुठे उल्लेखच नसतो.

त्यातून विकसनशील देशातल्या कारखान्याच्या अडचणी वेगळ्या. लाइट जाते म्हणून डीजी (डिझेल जनरेटर) ठेवावा लागतो, कर्जाचं व्याज जास्त, निम्मी मशिनं सेकंडहँड, मोटारी दोनदा-तीनदा रिवाइंड केलेल्या (जळालेली तार काढून नवी गुंडाळलेल्या), आणि कचरा उचलणारा तो पुढे कुठे नेऊन टाकतो याची खात्री नाही. श्रीमंत देशातल्या कंपनीचा प्लॅन उचलून अशा ठिकाणी डकवला तर तो टिकत नाही. पण एक गोष्ट फायद्याची आहे, वाया जाणारं एवढं असतं की पहिल्या वर्षाचं बरंचसं काम मोठा खर्च न करता होतं आणि त्यातून वाचलेल्या पैशावर पुढचं वर्ष निघतं. खालचा सगळा क्रम मी याच हिशोबानं लावलाय.

पायरी १: हद्द आणि माणूस

हद्द म्हणजे कुठला प्लांट धरायचा, भाड्याचं गोडाऊन धरायचं का, बाहेर दिलेलं जॉबवर्क धरायचं का. एका पानावर लिहा आणि प्लांट हेडची सही घ्या, नाहीतर पुढे आकडा खराब दिसायला लागला की हद्द बदलायचा मोह होतो. माणूस निवडताना असा बघा की ज्याला प्लांटमधला प्रत्येक व्हॉल्व माहीत आहे, मग तो मेंटेनन्सचा असो की प्रॉडक्शनचा, आणि त्याच्या जोडीला अकाउंट्समधलं एक जण द्या कारण सगळी बिलं तिथे असतात. आठवड्यातला अर्धा दिवस या कामासाठी मोकळा, हे लेखी द्या. तोंडी दिलेला अर्धा दिवस पहिल्याच ब्रेकडाऊनमध्ये संपतो.

पायरी २: बारा महिन्यांची बिलं आणि एक ग्राफ

वीज, डिझेल, कोळसा किंवा गॅस जे काय जाळता ते, पाणी, आणि दर महिन्याचं उत्पादन, एवढं एका शीटवर घ्या. सॉफ्टवेअर नंतर. आता ग्राफ काढा, आडव्या रेषेवर उत्पादन टनांत, उभ्या रेषेवर विजेचे युनिट, बारा महिन्यांचे बारा ठिपके. त्या ठिपक्यांमधून एक सरळ रेघ ओढा आणि ती उभ्या रेषेला कुठे टेकते ते बघा. तो आकडा म्हणजे कारखान्यानं एक किलोही माल काढला नाही तरी महिन्याला लागणारी वीज. याला बेस लोड म्हणा.

उदाहरण घेऊन सांगतो. समजा रेघ ४०,००० युनिटला टेकली आणि पुढे प्रत्येक टनाला ४०० युनिट लागतात. २०० टनांच्या महिन्यात बिल १,२०,००० युनिटचं, म्हणजे टनाला ६००. मंदीच्या महिन्यात १०० टनच निघाले तर ८०,००० युनिट, म्हणजे टनाला ८००. आता मीटिंगमध्ये काय होतं, टनामागे वीज वाढली म्हणून शिफ्टवाल्यांना बोलणी बसतात, पण त्यांनी काहीच चुकीचं केलेलं नसतं, तो सगळा बेस लोडचा खेळ असतो. फक्त टनामागचा आकडा पाहून प्लॅन करणारे हमखास इथे फसतात. आणि ऑर्डर वर-खाली होणं हे तर अशा बाजारात नेहमीचं, त्यामुळे हा ग्राफ काढल्याशिवाय टार्गेट लिहूच नका.

ठिपके रेघेपासून फार लांब पसरले असतील तर एकतर आकडे चुकलेत किंवा प्लांट कुणाच्याच कंट्रोलमध्ये नाही. आकड्यांची एक नेहमीची चूक सांगून ठेवतो, सबमीटरला (एकेका विभागाच्या मीटरला) सीटीचा, म्हणजे मोठा करंट लहान करून मीटरला देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा, रेशो चुकीचा घातलेला असतो, मग मीटर वर्षानुवर्षं अर्धंच दाखवतं आणि सगळे खुश असतात. सबमीटरची बेरीज मुख्य मीटरशी जुळते का, हे पहिल्याच आठवड्यात तपासून घ्या.

पायरी ३: सुट्टीच्या दिवशीची फेरी

माझ्या मते सगळ्या प्लॅनमधला सगळ्यात महत्त्वाचा दिवस हाच. प्रॉडक्शन बंद असलेल्या दिवशी सकाळी जा आणि मुख्य मीटरचं रीडिंग घ्या, तासाभरानं परत घ्या. मग कोण चालू आहे ते शोधत फिरा. माल नाही तरी फिरणारा कूलिंग टॉवरचा पंप, रिकाम्या ओव्हनचा हीटर, कुणी बंदच न केलेला एक्झॉस्ट, आणि बहुतेक ठिकाणी हवा दाबून लाइनमध्ये पाठवणारा कॉम्प्रेसर.

बंद दिवसाची ती शांतता मला फार आवडते, कारण एरवी मशिनच्या आवाजात न ऐकू येणारी हवेची गळती त्या दिवशी ऐकू येते. एका प्लांटमध्ये आम्ही लाइनच्या कडेनं साबणाच्या पाण्याची बाटली आणि ब्रश घेऊन चाललो होतो, प्रत्येक जोडाला फेस लावायचा आणि बुडबुडे आले की लाल टॅग बांधायचा. आणलेले टॅग दुपारच्या आतच संपले. सोबतचा हेल्पर मग जुन्या कापडाच्या चिंध्या फाडून बांधायला लागला, आणि संध्याकाळी सगळी लाइन तोरण लावल्यासारखी दिसत होती. बरीचशी गळती होती ती सैल क्लॅम्प, जुने पाइप आणि ड्रेनचा अर्धवट उघडा कॉक. सामान किरकोळ, हातात पाना, दोन दिवसांचं काम.

गळती किती आहे ते मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. हवा वापरणारं सगळं बंद ठेवून कॉम्प्रेसर चालू करा, तो किती वेळ लोड होतो (हवा भरतो) आणि किती वेळ अनलोड राहतो (नुसता फिरतो) हे घड्याळ लावून पाच-सहा वेळा लिहा. लोडचा वेळ भागिले लोड आणि अनलोडची बेरीज, गुणिले १००, हीच गळतीची टक्केवारी. लोड दीड मिनिट आणि अनलोड साडेचार मिनिटं आलं तर २५ टक्के. देखभाल नसलेल्या प्लांटमध्ये २० ते ३० टक्के येणं अजिबात नवल नाही. मिनिटाला १० घनमीटर देणारा कॉम्प्रेसर साधारण ६० किलोवॅट घेतो, त्यातला पाव भाग म्हणजे १५ किलोवॅट, वर्षाला ६,००० तास धरले तर ९०,००० युनिट नुसते हवेत. हा आकडा फळ्यावर लिहा, मालकाला दाखवा, त्याला कार्बन वगैरे समजावून सांगायची गरज पडत नाही. गळती बंद झाली की मग प्रेशर हळूहळू खाली आणा, ७ बारच्या आसपास प्रत्येक १ बार कमी केला की साधारण ६-७ टक्के वीज वाचते. लाइनवरच्या शेवटच्या मशिनला पुरतंय ना हे बघत बघत खाली या, एका फटक्यात उतरवू नका.

बॉयलरकडे त्याच फेरीत जा. चिमणीतल्या धुराचं तापमान साधारण २२ अंशांनी उतरलं की कार्यक्षमता १ टक्क्यानं वाढते, आणि फीड वॉटरचं (बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचं) तापमान ६ अंशांनी वाढवलं की इंधन १ टक्का वाचतं. म्हणजे गरम कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं पाणी) गटारात सोडणं हे इंधन आणि ट्रीट केलेलं पाणी दोन्ही एकदम सोडणं आहे. उघडे फ्लँज, इन्सुलेशन निघालेले पाइप, उडालेले ट्रॅप यांची यादी करा, फोटो काढा, नंबर टाका. पंप आणि ब्लोअर बघताना व्हॉल्व किंवा डँपर (हवेची झडप) दाबून चालवलेले कुठले आहेत ते वेगळे लिहा, कारण अशा ठिकाणी ड्राइव्ह (मोटरचा स्पीड बदलणारं यंत्र) बसवून स्पीड ८० टक्क्यांवर आणला तर वीज जवळपास निम्म्यावर येते. मात्र पाणी उंच टाकीत चढवणाऱ्या पंपाला हा हिशोब तसाच लागू होत नाही.

पायरी ४: कार्बनचा हिशोब

जगभर चालणारी पद्धत म्हणजे जीएचजी प्रोटोकॉल, कंपन्यांसाठीचं त्याचं स्टँडर्ड २००१ मध्ये आलं. त्यात तीन कप्पे आहेत. स्कोप १ म्हणजे तुमच्या आवारात जे जळतं किंवा गळतं ते, स्कोप २ विकत घेतलेली वीज आणि वाफ, स्कोप ३ म्हणजे कच्चा माल, ट्रान्सपोर्ट, विकलेल्या मालाचा वापर असं बाहेरचं सगळं. पहिल्या वर्षी १ आणि २ पक्कं करा, ३ मधला फक्त सगळ्यात मोठा भाग पकडा, बहुतेक वेळा तो कच्च्या मालाचाच असतो.

एक लिटर डिझेल जाळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, हा हिशोब सोपा. विजेसाठी तुमच्या देशाच्या ग्रिडचा अधिकृत फॅक्टर (एका युनिटमागे किती कार्बन) घ्या आणि कुठल्या वर्षाचा घेतला ते शेजारी लिहा. एसी आणि चिलरचा गॅस मात्र हटकून विसरला जातो. आर-४१०ए या एसीच्या गॅसचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट, म्हणजे वर्षात १० किलो गॅस टॉप-अप केला तर तो २० टन झाला, सात हजार लिटरहून जास्त डिझेल जाळल्यासारखं. स्टोअरमधून किती सिलिंडर निघाले ते बघितलं की हा आकडा मिळतो. आणि प्रक्रियेतूनच निघणारा कार्बन वेगळा दाखवा. सिमेंटचंच बघा, एक टन क्लिंकर बनवताना चुनखडीतूनच जवळपास अर्धा टन निघतो, इंधनाचा वेगळा, तिथे सोलर लावून हा भाग हलत नाही, क्लिंकरचं प्रमाणच कमी करावं लागतं.

पायरी ५: पाणी, आणि कचऱ्याच्या पोटातला कच्चा माल

पाण्यासाठी आत आलेलं, बाहेर गेलेलं आणि वाफ होऊन उडालेलं जुळवा. जुळलं नाही तर जमिनीखालची लाइन फुटली आहे का बघा. बचतीची सगळ्यात सुंदर जागा म्हणजे धुण्याच्या टाक्या, प्लेटिंग (धातूवर मुलामा) किंवा पिकलिंगच्या (ॲसिडनं धातू साफ करायच्या) लाइनवरच्या. जॉबसोबत (धुवायच्या वस्तूसोबत) एक लिटर केमिकल येतं आणि ते हजारपट पातळ करायचंय असं समजा. एकाच टाकीत धुतलं तर १,००० लिटर पाणी लागतं. त्याऐवजी दोन टाक्या एकामागे एक लावून पाणी जॉबच्या उलट दिशेनं सोडलं तर साधारण ३२ लिटर. तीन टाक्या केल्या तर १०. मी पहिल्यांदा हे गणित बघितलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता, पुन्हा पुन्हा करून बघितलं. आणि त्याहूनही स्वस्त उपाय म्हणजे जॉब टाकीवर दहा-पंधरा सेकंद जास्त निथळू देणं, म्हणजे केमिकल पुढे येतंच कमी, ईटीपीवरचा लोडही उतरतो. फक्त त्यासाठी ऑपरेटरच्या पीस-रेटमध्ये (नगामागच्या मजुरीत) तेवढे सेकंद धरा, नाहीतर तो बिचारा कशाला निथळत बसेल.

कचऱ्याचा खर्च मोजताना फक्त उचलायचं भाडं धरू नका. त्या रिजेक्ट मालात कच्च्या मालाचे पैसे, वीज, मजुरी सगळं गेलेलं असतं, असं धरलं की कचरा भाड्याच्या कितीतरी पट महाग निघतो. आयएसओ १४०५१ हे २०११ चं स्टँडर्ड याच पद्धतीचं आहे. घातक कचरा कुणाला देताय तिथे एकदा स्वतः गाडीमागे जाऊन या. कागदावरची पोचपावती आणि प्रत्यक्ष जागा यांत फरक निघाला तर तो तुमचाच प्रश्न आहे, खालच्या विहिरीतलं पाणी पिणाऱ्यांना पावतीचा काही उपयोग नाही.

पायरी ६: माणसांचं पान

या कामात लोक आकड्यांच्या इतके मागे लागतात की माणसं शेवटच्या पानावर जातात, माझी कळकळीची विनंती आहे की ती आधी घ्या. ईटीपीची गाळाची टाकी किंवा कलेक्शन सम्प साफ करायला कंत्राटी माणसं उतरवतात आणि मरतात, हे अजूनही घडतं. तळाशी हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. सडक्या अंड्याचा वास येतो म्हणून कळेल असं लोकांना वाटतं, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) आसपास नाकाची जाणीवच बंद पडते, वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून माणूस आणखी खाली उतरतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. प्लॅनमध्ये स्पष्ट लिहा की गॅस डिटेक्टर, ब्लोअर, हार्नेस, वर उभा माणूस आणि सही केलेलं परमिट असल्याशिवाय कुणीही उतरणार नाही, कंत्राटदाराचा माणूसही नाही. गाळ पंपानं काढायची सोय करणं हे तुमच्या यादीतलं पहिलं भांडवली काम असू द्या, त्याचा पेबॅक (पैसे किती दिवसांत परत येतील ते) काढत बसू नका.

पायरी ७: यादी लावणं आणि पैसा उभा करणं

आता हातात साठ-सत्तर कामं असतील. तीन ढीग करा. पहिला, पाना आणि शिस्त, म्हणजे गळती, प्रेशर, बंद करायच्या वेळा, बर्नर ट्यूनिंग. दुसरा, वर्ष-दीड वर्षात पैसे परत देणारा, इन्सुलेशन, ट्रॅप, कंडेन्सेट रिकव्हरी, ड्राइव्ह. तिसरा, मोठा, नवीन बॉयलर, सोलर, पाण्याचा पुनर्वापर.

व्याज जास्त असलेल्या ठिकाणी तिसऱ्या ढिगापासून सुरुवात केली की मॅनेजमेंट घाबरतं आणि सगळंच थांबतं. म्हणून पहिल्या ढिगातून वाचलेले पैसे अकाउंट्सकडून वेगळ्या हेडखाली टाकून घ्या, किमान निम्मे तरी, आणि दुसरा ढीग त्यातूनच करा. हे वेगळं हेड पहिल्या महिन्यात उघडलं नाही तर बचत नफ्यात विरघळून जाते, मग दाखवायला काही उरत नाही.

सोलर सगळ्यांना पहिल्यांदा हवं असतं कारण ते छपरावर दिसतं. करा, पण गळती बंद केल्यानंतर, म्हणजे गळणाऱ्या हवेसाठी पॅनल विकत घ्यावे लागणार नाहीत. आणि एक तांत्रिक गोष्ट विक्रेत्याला आधीच विचारा. साधा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लाइट गेली की सुरक्षेसाठी स्वतःच बंद पडतो. लाइट नसतानाही चालायला हवा असेल तर डीजीशी जुळवणारा कंट्रोलर नाहीतर बॅटरी लागते, आणि डीजीवरचा लोड साधारण ३० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, इंजिन खराब होतं. दिवसाला चार-पाच तास लाइट जाणाऱ्या ठिकाणी हे न विचारता घेतलेलं सोलर नेमकं त्याच तासांत बंद पडून राहतं.

पायरी ८: टार्गेट, आणि त्यातला खड्डा

आधारवर्ष ठरवा, बेस लोड आणि टनामागची वीज यांची दोन वेगळी टार्गेटं लिहा, आणि एकूण कार्बनचा आकडा वेगळा. नवीन लाइन टाकली किंवा युनिट विकलं तर आधारवर्ष कसं बदलायचं तेही आजच लिहून ठेवा.

खड्डा असा की युटिलिटीवाल्याला नुसतं वीज कमी कर सांगितलं की पहिली गोष्ट बंद होते ती रात्रीचा ईटीपीचा ब्लोअर. कुणाला कळत नाही, मालही थांबत नाही. पण एरेशन टाकीत (जिथे सांडपाण्यात हवा सोडतात) विरघळलेला ऑक्सिजन लिटरला साधारण २ मिलिग्रॅम तरी लागतो, तो तासन्‌तास मिळाला नाही की काम करणारे जीवाणू मरतात, गाळ काळा पडतो आणि ईटीपी परत नीट चालायला आठवडे जातात. म्हणून विजेच्या टार्गेटला ईटीपीच्या रीडिंगची अट बांधा, आणि शक्य असेल तर ईटीपीची वीज त्या टार्गेटमधून बाहेरच काढा.

पायरी ९: सर्टिफिकेट आणि गिऱ्हाईक

आयएसओ १४००१ पर्यावरण व्यवस्थापनाचं, १९९६ पासूनचं, आयएसओ ५०००१ ऊर्जेचं, २०११ पासूनचं. वरची कामं झाली असतील तर यातलं बरंचसं कागद जुळवणं उरतं. युरोपला स्टील, ॲल्युमिनियम, सिमेंट किंवा खत जात असेल तर सीबीएएम (आयात मालाच्या कार्बनवर युरोपनं लावलेली आकारणी) लागू होतं, ऑक्टोबर २०२३ पासून आकडे देणं सुरू झालं आणि जानेवारी २०२६ पासून पैशाचा टप्पा. स्वतःचा मोजलेला, तपासलेला आकडा नसेल तर ठरवून दिलेला डिफॉल्ट आकडा लागतो आणि नीट चालवलेल्या प्लांटला तो सहसा महागात पडतो. पायरी २ मधलं कंटाळवाणं मीटर रीडिंग इथे थेट पैसे वाचवतं. लहान युनिटना मदत लागली तर आपल्या देशात क्लीनर प्रॉडक्शन सेंटर आहे का बघा, संयुक्त राष्ट्रांच्या युनिडो आणि युनेप या संस्थांनी १९९४ पासून विकसनशील देशांत अशी केंद्रं उभी केलीत.

पायरी १०: जळाल्यावर काय घ्यायचं, ते आजच ठरवा

प्लॅन खऱ्या अर्थानं मोडतो तो रात्री दोन वाजता, जेव्हा मोटर जळते. त्या वेळी शिफ्ट इंचार्जला लाइन चालू करायची असते, तो फोन करतो, जवळचा रिवाइंडर येतो, मोटर सकाळी परत. पण घाईत वाइंडिंग जाळून काढताना कोअर (तार गुंडाळायचा लोखंडी गाभा) खराब झाला तर कार्यक्षमता एक-दोन टक्के कायमची उतरते, आणि १५ किलोवॅट घेणारी मोटर वर्षाला ६,००० तास चालली तर ९०,००० युनिट खाते, त्याचे दोन टक्के दरवर्षी जात राहतात.

म्हणून सगळ्या मोटारी, पंप, चिलर, ट्यूबलाइट यांची यादी करा आणि प्रत्येकासमोर आत्ताच लिहा की हे बंद पडलं तर रिवाइंड, की नवीन, नवीन तर कुठल्या क्लासचं. दोनदा रिवाइंड झालेली आणि जास्त तास चालणारी मोटर तिसऱ्यांदा करायची नाही, त्या साइजची एक आयई३ (जास्त कार्यक्षमतेच्या क्लासची) मोटर स्टोअरमध्ये पडून राहू द्या. चिलर गेला तर कमी परिणामाच्या गॅसचा घ्यायचा. परचेसच्या फॉर्मवर किमतीशेजारी वर्षाला लागणाऱ्या युनिटचा एक रकाना वाढवा आणि तो रिकामा असेल तर स्टोअरनं फॉर्म परत पाठवायचा. यादीची एक प्रत परचेसला, एक स्टोअरला, आणि एक लॅमिनेट करून मेंटेनन्सच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा, रात्री दोन वाजता उघडलं जातं ते तेच कपाट.